दगडी हत्ती, काळा घोडा आणि आपली मुले

ईदचा दुसरा दिवस. पातेल्यात शीरखुर्मा अजून शिल्लक असतो आणि मुलांनी मात्र बाहेर जाण्याचा धोशा लावलेला असतो. मुंबईतल्या आमच्या नातलगांकडे अशा वेळी ठिकाण ठरलेले असते : भायखळ्याची राणीची बाग. आम्ही पारनेर तालुक्यातले, राळेगणसिद्धीच्या बाजूचे. ईदला मुंबईला गेलो की आम्हीही त्या लवाजम्यात सामील होतो. डब्यात कबाब, पिशवीत पाण्याच्या बाटल्या, हाताला धरलेली चार-पाच मुले आणि सावली शोधत सावकाश चालणाऱ्या दादी.

त्या दिवशी पेंग्विनची रांग लांबलचक होती. घरातली तरुण मंडळी रांगेत उभी राहिली आणि आम्ही दादींना घेऊन संग्रहालयाच्या बाजूला टेकलो. तिथे एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. आमची आठ वर्षांची लेक त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, "दादी, ह्याला कुणी फोडलं होतं का? ह्याच्या अंगावर जोड दिसतात."

दादी हसल्या. "मला नाही ठाऊक, बेटा. मी तुझ्याएवढी होते तेव्हापासून हा इथेच उभा आहे."

मुलीने आमच्याकडे पाहिले. आम्हालाही ठाऊक नव्हते. तीन पिढ्या एका हत्तीच्या सावलीत बसल्या होत्या आणि एकीलाही त्याची गोष्ट सांगता येत नव्हती. घरी आल्यावर शोधाशोध केली. जे हाती आले, ते वाचक भगिनी-बंधूंपुढे ठेवावे म्हणून हा लेखप्रपंच.

हत्तीची गोष्ट

मुंबईच्या बंदरात घारापुरी नावाचे बेट आहे. तिथली लेणी जगप्रसिद्ध आहेत. पोर्तुगीज या बेटावर आले तेव्हा किनाऱ्याजवळ त्यांना अखंड दगडातून कोरलेला एक मोठा हत्ती दिसला. त्यावरून त्यांनी बेटाचेच नाव 'एलिफंटा' ठेवले. जगाला ठाऊक असलेले बेटाचे नाव या एका दगडी जनावराने दिलेले आहे.

१८१४ च्या सुमारास या हत्तीची मान आणि डोके तुटून पडले. पुढे १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना साखळी तुटली, हत्ती खाली कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या बागेत आणून ठेवले. १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. आमच्या लेकीला दिसलेले जोड ते हेच. दुसऱ्याचा वारसा उचलून आपल्या देशी नेण्याची हाव आणि पुढे कुणीतरी धीराने जोडलेले तुकडे, या दोन्ही गोष्टी त्या एका अंगावर आहेत.

राणीच्या बागेत अशी जनावरे आणखीही आहेत. मुंबईतल्या 'काळा घोडा' या भागाला ज्याच्यावरून नाव पडले, तो मूळ घोडा आज याच आवारात आहे. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानात आले होते. पुढे तेच सातवे एडवर्ड झाले. त्या भेटीची आठवण म्हणून त्यांचा अश्वारूढ पुतळा उभारला गेला, १८७९ मध्ये. त्याचा खर्च बगदादहून मुंबईत येऊन स्थायिक झालेल्या ससून या ज्यू घराण्यातील अल्बर्ट अब्दुल्ला ससून यांनी केला. स्वातंत्र्यानंतर, १९६५ मध्ये, हा पुतळा रस्त्यावरून हलवून बागेत आणला. गंमत अशी की लोकांनी राजाचे नाव कधीच लक्षात ठेवले नाही. त्यांना आठवला तो घोडा. घोडा गेला तरी त्या भागाचे नाव तसेच राहिले आणि २०१७ मध्ये तिथे नवा घोडा उभा केला, तोही स्वाराविना.

बागेतल्या झाडांनाही असा इतिहास आहे. बुंधा पिंपासारखा फुगलेले गोरखचिंचेचे झाड मूळचे आफ्रिकेचे. समुद्रापलीकडून ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर रुजले, असे मानले जाते. ही बाग १८६२ मध्ये 'व्हिक्टोरिया गार्डन' म्हणून लोकांसाठी खुली झाली. शेजारचे संग्रहालय १८७२ पासून सध्याच्या इमारतीत आहे आणि १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव त्याला आहे. प्राणी आले ते या दोहोंनंतर, १८९० मध्ये. आधी बाग, मग वस्तुसंग्रह, मग प्राणी असा इथला क्रम. आपण मात्र वाघ आणि पेंग्विन पाहून परत फिरतो.

दाखवणे आणि सांगणे

राळेगणसिद्धीजवळ राहणाऱ्या माणसाला 'पाहुणे येतात आणि पाहून जातात' हा प्रकार नवा नाही. १९७५ पासून अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने या गावात जे काम उभे राहिले, ते पाहायला देशभरातून माणसे येत आली आहेत. पण पाहण्यासारखे तिथे काय असते? नालाबांध, समपातळी चर, पाझर तलाव, झाडे. कुणी सांगणारे बरोबर नसेल तर नालाबांध म्हणजे मातीचा ढिगारा. या दुष्काळी शिवारात पाऊस किती कमी पडतो, पाणी कसे वाहून जायचे, गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी का मान्य केली, मोकाट चरणारी शेळी दावणीला बांधायची म्हणजे गरिबाच्या घरी काय बदलते, हे कुणी सांगितले की तोच ढिगारा बोलू लागतो. वस्तू आणि तिची गोष्ट जोडीने दाखवली, तरच पाहुणा काही घेऊन जातो.

प्राण्याचेही तसेच आहे. अनेक प्राणिसंग्रहालयांतल्या पाट्यांवर प्राण्याचे नाव, वजन, आहार आणि आयुर्मान असते. ते हवेच. पण माणूस आणि तो प्राणी हजारो वर्षे एकमेकांशेजारी राहिले, कधी भांडले, कधी एकमेकांच्या उपयोगी पडले, ती बाजू पाटीवर क्वचितच दिसते. जगात काही ठिकाणी ही बाजूही दाखवण्याचे प्रयत्न झाले आहेत. काही चांगले झाले, काही लाज वाटावी असे. दोन्ही समजून घेतले पाहिजेत.

हत्तीच्या घरावरचा मिनार

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांनी एक पद्धत पाडली. प्राणी ज्या देशातला, त्या देशाच्या शैलीत त्याचे घर बांधायचे. बेल्जियममधल्या अँटवर्पला १८५६ मध्ये प्राण्यांसाठी चक्क इजिप्शियन मंदिर उभे राहिले. ते आजही आहे. मुलांना वाटावे, आपण दूरदेशी आलो.

हंगेरीची राजधानी बुडापेस्ट इथे १९१२ मध्ये हत्तींचे असेच एक घर पूर्ण झाले. निळसर चकचकीत कौलांचा घुमट आणि शेजारी मिनारासारखा उंच मनोरा. पाहणाऱ्याला लांबून मशीदच वाटावी. दोनच वर्षांत पहिले महायुद्ध सुरू झाले आणि उस्मानी तुर्कस्तान हंगेरीच्या बाजूने लढू लागले. जिथे जनावरे बांधायची त्या जागेला मशिदीचे रूप दिल्याबद्दल तुर्कांनी नाराजी कळवली आणि १९१५ मध्ये तो मनोरा उतरवण्यात आला. विसाव्या शतकाच्या अखेरीस इमारतीची डागडुजी झाली तेव्हा तो पुन्हा बांधला. आज तिथे येणारे लोक त्याच्याकडे वास्तुकलेचा नमुना म्हणून पाहतात.

ही गोष्ट वाचून आमच्या घरात चांगलाच वाद झाला. एकाचे म्हणणे, "हत्ती हाही अल्लाहचीच मखलूक. त्याच्या घराला मिनार असला तर बिघडलं काय?" दुसरा म्हणाला, "हत्तीचा प्रश्नच नाही. ज्यांची इबादतगाह आहे त्यांना न विचारता तिचा देखावा करणं, हे बरोबर नाही." आम्हाला दुसऱ्याचे पटले. संस्कृती दाखवताना ज्यांची ती आहे त्यांचा मान राखला गेला का, हा पहिला प्रश्न.

असे देखावे आजही बांधले जातात. जर्मनीत हॅनोव्हरच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसाठी भारतीय महालाचे भग्नावशेष उभारले आहेत. लाइपझिगमध्ये हत्तींच्या घराला मंदिराचे रूप आणि गणेशाचे नाव दिले आहे. तिथल्या मुलांना त्यातून भारताबद्दल चार गोष्टी समजत असतीलही. आपल्याकडे मात्र उलटा प्रकार. तिकडे प्लास्टरचा इतिहास बांधावा लागतो आणि भायखळ्याला खरा इतिहास उभा आहे, त्याला आपण पाठ लावून डबा उघडतो.

जेव्हा माणसेच कुंपणात होती

याहून काळे पान आहे, तेही मुलांना योग्य वयात सांगायला हवे. हॅम्बुर्गचा प्राण्यांचा मोठा व्यापारी कार्ल हागेनबेक याने १८७४ मध्ये उत्तर युरोपातल्या सामी लोकांना त्यांच्या रेनडिअरांसह आणून लोकांपुढे मांडले. तंबू, भांडी, लेकुरे, सगळे. तिकीट काढून लोक पाहायला लोटले. मग आफ्रिका आणि आशियातली माणसे आणून असे 'खेळ' युरोपभर होऊ लागले. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात काँगोतून आणलेल्या ओटा बेंगा या तरुणाला माकडांच्या घरात ठेवून दाखवले गेले. कृष्णवर्णीय पाद्रींनी आवाज उठवला तेव्हा ते प्रदर्शन थांबले. १९१६ मध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला.

प्राणी आणि संस्कृती एकत्र दाखवण्याच्या नावाखाली माणसाला प्राण्याच्या रांगेत बसवले जाऊ शकते, हे यातून कळते. म्हणून प्राण्याशेजारी माणसाची गोष्ट असावी ती त्याच्या नावानिशी, मान राखून आणि शक्य तर त्याच्याच तोंडून. आमच्या भागातल्या लांडग्याबद्दल बोलायचे तर मेंढपाळ धनगराला बोलावून त्याच्याकडून ऐकावे. पिंजऱ्याबाहेर काठी-घोंगडीचा पुतळा उभा केल्याने ते काम होत नाही.

पर्वतीच्या पायथ्याचा गेंडा

मुंबईहून राळेगणला परतताना पुणे लागतेच. तिथेही प्राणी आणि इतिहास यांची गाठ जुनी आहे. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याला शिकारखाना होता. तिथे नाना प्राणी पाळलेले असत. पुण्यातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम तांबट या चित्रकाराने त्यांतल्या काही प्राण्यांची चित्रे काढली. १७९० मध्ये त्याने काढलेला गेंडा आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे. दख्खनच्या मातीत कधी न वाढलेला हा प्राणी इतक्या दूर आणला गेला, त्याला पोसले गेले आणि तांबट आडनावाच्या एका मराठी माणसाने त्याच्या कातडीची प्रत्येक घडी निरखून कागदावर उतरवली. गेंडा कधीच गेला. शिकारखानाही गेला. तांबटांची नजर तेवढी शिल्लक आहे, तीही सातासमुद्रापलीकडे.

१९५३ मध्ये पुणे महापालिकेने सारसबागेजवळ पेशवे पार्क सुरू केले. तिथली 'फुलराणी' ही छोटी आगगाडी अनेकांच्या बालपणात धावली आहे. पुढे प्राणी कात्रजला, १९९९ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात नेले. तिथले कात्रजचे तळे नानासाहेब पेशव्यांच्या काळातले. तिथून भुयारी नळाने शनिवारवाड्याला आणि शहरातल्या हौदांना पाणी जाई. मुले तिथे वाघ पाहतातच. त्यांना पाण्याकडेही बोट दाखवून सांगावे, "हे पाणी पूर्वी शहर पाजत होतं." राळेगणच्या मुलांना पाण्याची गोष्ट लगेच समजते.

झेब्रा, चित्ता आणि आपला जिल्हा

प्राण्यांकडे बारकाईने पाहण्याची परंपरा आपल्या घरच्या इतिहासातही आहे. १६२१ मध्ये जहाँगीर बादशहाच्या दरबारात हबशाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूने, एक झेब्रा आला. अंगावर पट्टे कुणी रंगवले असावेत असा संशय आला, म्हणून तो नीट तपासला गेला. रंग नव्हे, कुदरतच आहे, अशी खात्री पटली. बादशहाने हे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आणि दरबारी चित्रकार मन्सूरने त्या झेब्र्याचे चित्र काढले. ते आज लंडनच्या संग्रहालयात आहे. त्याच वेळी त्याच हबशाणातून लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला एक माणूस, मलिक अंबर, आमच्या अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार हाकत होता आणि त्याच जहाँगिराला दाद देत नव्हता. झेब्र्याच्या पिंजऱ्यासमोर एवढे सांगितले तरी मुलाच्या डोक्यात आफ्रिका आणि नगर एका धाग्यात येतात.

चित्त्याचे तसेच. अकबराच्या पदरी पाळीव चित्त्यांचा मोठा ताफा होता. काळविटाच्या शिकारीला ते नेले जात. विसाव्या शतकात कोल्हापूर संस्थानातही चित्ते पाळत, पण देशातले चित्ते इतके विरळ झाले होते की ते आफ्रिकेतून आणावे लागत. १९५२ मध्ये भारतातून चित्ता संपल्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये नामिबियाहून आणून काही चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले. ज्याच्यामागे चित्ता धावायचा ते काळवीट मात्र आपल्या जिल्ह्यात आजही आहे, कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी अभयारण्यात. हे अभयारण्य १९८० चे. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे, पण मुलांना मोकळ्या रानातले काळवीट दाखवायला पुरेसे.

नगरची आणखी एक आठवण. १५४९ मध्ये मुहम्मद बिन हुसेन रूमी या कारागिराने अहमदनगरात 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ ओतली. ती आता विजापूरला आहे. तिचे तोंड जबडा वासलेल्या सिंहाचे आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. सिंह आणि हत्ती या माळावर राहत नव्हते. तरी इथल्या माणसाच्या मनात ते होतेच.

आणि बिबट्या? त्याची गोष्ट कोणत्याही ग्रंथात शोधायला नको. पाणी आले, ऊस वाढला आणि उसाबरोबर बिबट्या आला. मादी उसाच्या फडात पिल्ले घालते. फडाची तोड लागली की तिची आणि माणसाची गाठ पडते. आमच्याकडे संध्याकाळी मुलांना एकटे अंगणात सोडताना आता जीव घाबरतो. मुंबईचे मूल बिबट्याला 'जंगलचा प्राणी' म्हणून पाहते आणि आमचे मूल 'उसातला' म्हणून. पाटीवर फक्त जंगल असेल, तर आमच्या मुलाला ती खोटी वाटेल. बिबट्याच्या पिंजऱ्यापाशी उसाची, तोडणी मजुरांची आणि शेळी गमावलेल्या घराची गोष्ट असायला हवी. भीती आणि कीव या दोहोंपलीकडे जाऊन हा प्राणी समजून घ्यायचा, तर ती गोष्ट लागतेच. ज्या मुलांना बिबट्यासोबत जगायचे आहे, त्यांच्यासाठी हा निव्वळ करमणुकीचा विषय नाही.

जाताना एवढे करू या

पाट्या बदलायच्या तेव्हा बदलतील. तोवर सांगण्याचे काम आई-वडिलांचे आणि आजी-आजोबांचे. राणीच्या बागेत जायचे तर बुधवार टाळावा. त्या दिवशी बाग आणि संग्रहालय बंद असते. सकाळी उन्हाआधी पोहोचावे. आधी दगडी हत्ती, मग संग्रहालय, मग काळा घोडा, गोरखचिंचेखाली डबा आणि नंतर प्राणी. मुले दमण्याआधी गोष्टी ऐकून होतात आणि मग प्राण्यांसमोर तीच प्रश्न विचारू लागतात.

प्रत्येक मुलाने एकच प्राणी निवडावा आणि त्याच्याबद्दल घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारावे. बैलाबद्दल, लांडग्याबद्दल, मोराबद्दल, अगदी गाढवाबद्दलही. आपल्या घराघरांत खाटीक, पिंजारी, टांगेवाले, शेळ्या-कोंबड्या पाळणारे, वखारीवर बैलगाडी हाकणारे झाले. त्यांच्याकडे प्राण्यांचे जे ज्ञान आहे ते कुठल्याच पाटीवर नाही आणि ती माणसे गेली की तेही जाणार. आणि जिवंत प्राण्यापुढे एक नियम पाळावा : काच वाजवायची नाही, खडा मारायचा नाही, खाऊ फेकायचा नाही. त्याची गोष्ट सांगायची आणि त्यालाच छळायचे, हे जुळत नाही.

गावी परतल्यावर हत्तीची सगळी हकिकत लेकीने दादींना फोनवर सांगितली. बेट, पोर्तुगीज, तुटलेली साखळी, जोडलेले तुकडे. दादी बराच वेळ 'हूं, हूं' करत ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "लग्नाआधी माझ्या अब्बांनी मला त्याच हत्तीपाशी बसवून चणे घेऊन दिले होते. त्यांनाही माहीत नसेल गं हे. पुढच्या ईदला आधी तिथेच जाऊ. ह्या खेपेला मी त्याला ओळखीनं सलाम करीन."